पोटातले दुखणे आणि पोटातली भीती

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी वर्धापन दिनाला समिती आम्हाला पंधरा मिनिटे बोलायला देते आणि आम्ही अर्धा तास घेतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. कधी मजुरीवर बोललो, कधी बावीस प्रतिज्ञांवर, कधी पोरांच्या शिक्षणावर. यंदाचा विषय बायकांच्या पाळीच्या दुखण्याचा आहे. त्यातल्या एका आजाराला डॉक्टर लोक एंडोमेट्रिओसिस म्हणतात. त्या आजाराचे आणि कॅन्सरचे नाते खरे किती आणि फुगवून सांगितलेले किती, हे आज पाहायचे आहे. विषय कळल्यावर दोन-तीन जण म्हणाले, "विहारात हे काहून काढता? बायकांचे बायका पाहतील." आम्ही त्यांना विचारले, आजवर बायकांनी एकटीनेच पाहिले ना बाप्पा, मग त्यांचे भले झाले का?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून बिछान्यावर निजवले. आजारी शरीराचा त्यांना विटाळ झाला नाही. बाबासाहेबांचेही तसेच. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली कामकरी बायकांना बाळंतपणाचा भत्ता देणारे विधेयक आले, त्याच्या बाजूने ते उभे राहिले. १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. त्या दिवशी बाबासाहेब हजर नव्हते, म्हणून पी. जे. रोहम यांनी तो मांडला. ठराव पडला, पण बाईच्या शरीराची गोष्ट भर सभेत बोलली गेली. १९४२ च्या जुलैत नागपूरला आपल्या बायकांची अखिल भारतीय परिषद भरली, तिथे तर बायका स्वतःच बोलल्या. तेव्हा विहारात हे बोलणे आपल्या परंपरेच्या बाहेरचे नाही.

आता थोडे कडू बोलतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपल्या वाडवडिलांनी माणसाचा विटाळ सोडला. पाळीचा विटाळ मात्र कित्येक घरांत मागच्या दाराने परत आला. आजही आपल्यातली एखादी पोरगी "अडचण" आहे म्हणून वंदनेला येत नाही, आणि आई तिला ये म्हणत नाही. गडचिरोलीकडे माडिया-गोंडांच्या गावात पाळीच्या बायकांसाठी कुर्माघर असते, त्याला आपण नावे ठेवतो. आपल्याकडे तसे घर नाही, पण तोंडाला कुलूप आहे. ज्या गोष्टीचे नावच घ्यायचे नाही, तिचे दुखणे डॉक्टरला कोण सांगणार?

आमच्या भात गिरणीत एक बाई कामाला होती. झाडझूड करायची, कणी-कोंडा वेगळा करायची, पोती शिवायची. महिन्यातून चार दिवस तिचा चेहरा राखेसारखा व्हायचा. रोजी बुडू नये म्हणून ती किराणा दुकानातून दुखण्याची गोळी घ्यायची, एक नाही तर दोन-दोन, तीन-तीन. सगळे म्हणायचे, बाईच्या जातीला हे असतेच, एक लेकरू झाले की थांबते. लेकरू काही झाले नाही. त्याचे टोमणे वेगळे. अशी दहा-बारा वर्षे गेली. मग एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. तिथे तिला सांगितले गेले की पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, आठ दिवसांत काढून टाका. कॅन्सर म्हटल्यावर घरच्यांचे हातपाय गळाले. कानातले गहाण पडले. वय तेव्हा चौतीस. ऑपरेशन झाले, पिशवी गेली, पाळी गेली. दुखणे राहिले. वर्षभराने गोंदियाला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासले तेव्हा कळले, आजार अंडाशयात होता. तिथली गाठ तशीच राहिली होती. तिच्या आजाराचे नाव एंडोमेट्रिओसिस आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. कॅन्सर नव्हता.

त्यानंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आम्ही डॉक्टर नाही, गिरणीतला माणूस आहोत. पण मिळेल ते वाचले, समजले नाही ते डॉक्टरांना विचारले. पुढे सांगतो ते नीट तपासून घेतलेले आहे.

गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते, जाड होते, आणि गर्भ राहिला नाही तर रक्तासोबत गळून बाहेर जाते. तीच पाळी. एंडोमेट्रिओसिस म्हणजे त्या अस्तरासारखी पेशींची वाढ गर्भाशयाच्या बाहेर होणे. ती अंडाशयावर होते, पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर होते, आतड्याजवळ, लघवीच्या पिशवीजवळ होते. ही बाहेरची वाढही महिन्याच्या हुकमाने चालते. ती सुजते, तिच्यातून रक्त येते, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. ते तिथेच साचते, आजूबाजूचे भाग एकमेकांना चिकटतात. अंडाशयात साचलेले जुने रक्त घट्ट आणि काळसर तपकिरी होते, म्हणून त्या गाठीला चॉकलेटी गाठ म्हणतात. पाळीत जीव जाईल असे दुखणे, नवऱ्याजवळ गेल्यावर दुखणे, पाळीच्या दिवसांत शौचाला दुखणे, आणि मूल न राहणे ही त्याची लक्षणे. चारही एकीतच असतील असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जननवयातल्या दर दहा बायकांमागे एकीला हा आजार आहे. जगात सुमारे १९ कोटी. आता या मांडवाखाली किती माताभगिनी बसल्या आहेत, ते ज्याचे त्याने मोजावे.

हा आजार कशाने होतो? अमेरिकेतल्या डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात मांडले की पाळीचे थोडे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पुढे दिसले की असे उलटे रक्त बहुतेक सर्वच बायकांत जाते, पण आजार दहातल्या एकीलाच होतो. म्हणजे एकट्या त्या कारणाने भागत नाही. अनुवंश आहे, शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचा ढिलेपणा आहे, संप्रेरकांचा हिशेब आहे. आपण बौद्धांनी यात गोंधळून जाण्याचे कारण नाही. प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला हेच शिकवतो की एका गोष्टीमागे अनेक हेतू-प्रत्यय एकत्र येतात, आणि त्यातला एक काढला तरी परिणाम बदलतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कॅन्सरच्या वेळी ती पुन्हा लागणार आहे.

आपल्याकडच्या बायकांचे हाल किती, हे शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दाखवून दिले. दोन गावांतल्या ६५० बायका त्यांनी तपासल्या. दुखणे घेऊन दवाखान्यात आलेल्या बायका नव्हेत, तर गावात राहणाऱ्या, रोज कामाला जाणाऱ्या. १९८९ साली तो अभ्यास इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८. हे आजार सगळेच एंडोमेट्रिओसिस नव्हते, पण "बाईला असतेच" या वाक्याखाली काय काय दडले होते ते जगाला दिसले.

आता कॅन्सरकडे येऊ. पहिली गोष्ट, एंडोमेट्रिओसिस हा कॅन्सर नाही. दुसरी गोष्ट, त्याचा अंडाशयाच्या काही प्रकारच्या कॅन्सरशी संबंध आहे, आणि तो संबंध कल्पनेतला नाही. सॅम्पसन यांनीच १९२५ साली लिहून ठेवले की अंडाशयाचा काही कॅन्सर या आजाराच्या गाठीतून निघालेला दिसतो. पण पेशीच्या आत नेमके काय होते, हे कळायला पुढची पंच्याऐंशी वर्षे लागली.

पेशीच्या आत काय चालते ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो, म्हणजे समजेल. गिरणीच्या गोदामात पोत्यांची थप्पी लागते. छतापर्यंत. मालक म्हणतो, अमुक मार्क्याचे पोते काढा. ते पोते थप्पीच्या आत असते. हमालांची टोळी थप्पी नीट मोकळी करते तेव्हा ते हाती लागते. प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाचा लांबलचक धागा असाच दाबून, गुंडाळून ठेवलेला असतो. त्यावर पेशीने काय करायचे याचे हुकूम लिहिलेले असतात. वाढ, थांब, बिघाड झाला तर मर, असे सगळे. हुकूम वाचायचा तर थप्पी मोकळी करावी लागते. ते काम प्रथिनांची एक टोळी करते. त्या टोळीतल्या एका महत्त्वाच्या हमालाचे नाव एआरआयडी-१ए. नाव अवघड आहे, पाठ करू नका, काम लक्षात ठेवा. हा हमाल गैरहजर राहिला तर काही हुकूम वाचलेच जात नाहीत. त्यात "थांब" हा हुकूमही आला.

२०१० साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी अंडाशयाच्या कॅन्सरच्या गाठी तपासल्या. 'क्लिअर सेल' नावाच्या प्रकारातल्या ११९ पैकी ५५ गाठींत या हमालाचे जनुक बिघडलेले सापडले. 'एंडोमेट्रिऑइड' नावाच्या प्रकारात ३३ पैकी १०. आणि अंडाशयाचा जो सर्वांत जास्त आढळणारा व सर्वांत घातक प्रकार आहे, त्यातल्या ७६ गाठींत एकही नाही. म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर हा एक आजार नाही, वेगवेगळे आजार एका नावाखाली आहेत. याहून मोठी गोष्ट पुढे आहे. दोन बायकांमध्ये कॅन्सरला लागून असलेल्या एंडोमेट्रिओसिसच्या भागातही तोच बिघाड मिळाला. पेशी अजून कॅन्सरच्या झाल्या नव्हत्या, पण हमाल गेलेला होता. त्याच बायकांच्या पोटातल्या दूरच्या एंडोमेट्रिओसिसमध्ये तो बिघाड नव्हता. चोर कुठल्या वाटेने आला, त्याचे पाऊल सापडावे तसे हे झाले.

एका हमालाच्या गैरहजेरीने गिरणी कोसळत नाही. सोबत आणखी काहीतरी लागते. पीआयके-३सीए नावाचे एक जनुक आहे, ते वाढीच्या मोटारीचे बटण समजा. ते बिघडले की बटण चालू स्थितीत अडकते. पीटीईएन नावाचे दुसरे आहे, ते ब्रेक आहे. ब्रेक गेला, बटण अडकले आणि हमाल गैरहजर, असे एकाच पेशीत जमले तर गाडी उताराला लागते. हे बिघाड तिथेच काहून जमतात? एक कारण गंज. साचलेल्या जुन्या रक्तात लोह असते. लोखंड ओल्यात राहिले की गंजते हे आम्हाला गिरणीत रोज दिसते. त्या गाठीतल्या लोहामुळे असे तीव्र पदार्थ तयार होतात की ते पेशीच्या धाग्यालाच चरे पाडतात. दुसरे कारण कायमची सूज. तिसरे, या पेशी इस्ट्रोजेन नावाचे वाढीचे संप्रेरक तिथल्या तिथे स्वतःच बनवतात, आणि त्याला आवर घालणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे त्या नीट ऐकत नाहीत. खत भरपूर आणि निंदण नाही, अशी बांधी.

इथवर ऐकून ज्यांच्या पोटात गोळा आला असेल त्यांनी आता पुढचे ऐकावे, कारण अर्धे ऐकून घरी गेलेला माणूस न ऐकलेल्यापेक्षा जास्त घाबरतो. २०१७ साली शास्त्रज्ञांनी खोलवर रुजलेल्या एंडोमेट्रिओसिसच्या २४ बायका तपासल्या, ज्यांना कॅन्सर नव्हता. त्यातल्या पाच जणींच्या पेशींत कॅन्सरशी जोडलेले जनुकीय बिघाड सापडले. कॅन्सर नाही, बिघाड मात्र आहे. पुढच्याच वर्षी जपानमधल्या शास्त्रज्ञांना तर गर्भाशयाच्या साध्या निरोगी अस्तरातही असे काही बिघाड मिळाले. म्हणजे बिघाड असणे आणि कॅन्सर होणे यांत मोठे अंतर आहे. हेतू-प्रत्यय म्हटले ते यासाठीच. एक प्रत्यय असला म्हणून फळ आलेच, असे नाही.

मग धोका किती? २०१२ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या पत्रिकेत तेरा अभ्यास एकत्र करून वीस हजारांहून जास्त बायकांचा हिशेब आला. एंडोमेट्रिओसिस असलेल्यांत क्लिअर सेल कॅन्सरचा धोका सुमारे तिप्पट, एंडोमेट्रिऑइडचा सुमारे दुप्पट. २०२४ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातून पाऊण लाखाहून जास्त रुग्ण बायकांची माहिती आली, त्यात अंडाशयाच्या कॅन्सरचा एकूण धोका चारपट दिसला, आणि अंडाशयात गाठ असलेल्या किंवा खोलवर रुजलेल्या आजारात त्याहून बराच जास्त, नऊपटीच्या वर. वर्तमानपत्रे "चारपट", "नऊपट" एवढेच छापतात. कशाच्या चारपट, ते कोणी विचारत नाही. चार आण्याच्या चारपट एक रुपया होतो, शंभर रुपयाच्या चारपट चारशे. अंडाशयाचा कॅन्सर मुळात कमी होणारा आहे. युटाच्या त्याच अभ्यासाने सांगितले की दहा हजार बायकांमागे या आजारामुळे वाढलेले कॅन्सर साधारण दहा. परदेशातला आयुष्यभराचा हिशेब असा की शंभर बायकांत एकीला किंवा किंचित जास्त हा कॅन्सर होतो आणि एंडोमेट्रिओसिस असलेल्या शंभरात दोघींच्या आत. म्हणजे अठ्ठ्याण्णव जणींना होत नाही.

आता गर्भाशय काढण्याच्या धंद्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. सगळे डॉक्टर असे नाहीत, हे आधी म्हणून ठेवतो. गरज असते तिथे पिशवी काढावीच लागते आणि त्याने जीवही वाचतो. पण २०१२ साली आपल्या पलीकडच्या छत्तीसगडात, डोंगरगड इथून पुढेच आहे, विमा योजनेच्या पैशासाठी नको तिथे बायकांची गर्भाशये काढल्याचे उघड झाले. २०१९ साली आपल्याच राज्यात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे प्रकरण निघाले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांचे गर्भाशय काढलेले निघाले. कित्येकींचे वय चाळिशीच्या आत. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, ही एक कात्री. आणि डॉक्टर म्हणतो कॅन्सर होईल, ही दुसरी. पुढे केंद्र सरकारने २०२२ मध्ये अशा ऑपरेशनांसाठी मार्गदर्शक नियम काढले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ते लागू करायला सांगितले. कोर्टात जावे लागले, यावरून काय ते समजा.

आता आमच्या गिरणीतल्या बाईचे प्रकरण पुन्हा पाहा. तिला कॅन्सरच्या नावाने भीती घातली आणि पिशवी काढली. एंडोमेट्रिओसिसशी ज्या कॅन्सरचे नाते पक्के आहे, तो अंडाशयाचा. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरशी त्याचा संबंध अजून धड सिद्ध नाही. म्हणजे चोर एका घरात आणि कुलूप दुसऱ्या घराला. बरे, मग दोन्ही अंडाशये काढावीत का? तर चौतिसाव्या वर्षी ती काढली की बाई एका दिवसात म्हातारपणाकडे ढकलली जाते. हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. तो निर्णय डॉक्टरने समोर बसून, हिशेब मांडून, बाईला विचारून करायचा. आठ दिवसांची मुदत देऊन करायचा नाही.

उपाय काय आहेत? बऱ्याच जणींना संप्रेरकांच्या गोळ्यांनी आराम पडतो. जी मिश्र गर्भनिरोधक गोळी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माला-एन नावाने फुकट मिळते, त्याच जातीच्या गोळ्या कित्येकदा या दुखण्यावर देतात, आणि त्या गोळ्या काही वर्षे घेणाऱ्या बायकांत अंडाशयाचा कॅन्सर कमी होतो हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण रक्तदाब असलेल्यांना, तंबाखू-गुटखा किंवा बिडीवाल्यांना, अर्धशिशी असलेल्यांना ती धोक्याची होऊ शकते, म्हणून शेजारणीची पाहून घेऊ नये, तपासून घ्यावी. गाठ मोठी असेल, मूल राहत नसेल, गोळ्यांनी भागत नसेल तर दुर्बिणीतून ऑपरेशन करून फक्त आजाराचा भाग काढता येतो. आणखी एक गंमत सांगतो. कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झालेल्या बायकांत वर सांगितलेले दोन प्रकारचे कॅन्सर साधारण निम्म्याने कमी दिसतात. नळी बंद, म्हणजे उलटे जाणारे रक्तही बंद, असा त्याचा एक अर्थ शास्त्रज्ञ लावतात. सॅम्पसनबाबा खुश झाले असते.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर हा वेगळा विषय आहे, त्याची यात भेसळ करू नका. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो, एंडोमेट्रिओसिसने नाही. आपल्या देशात अंडाशयाच्या कॅन्सरपेक्षा तोच जास्त आढळतो, आणि तो आधी पकडता येतो. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचे टाटा हॉस्पिटल यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांना घेऊन अभ्यास केला. २००९ साली निकाल छापला गेला. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणूच्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. जगातल्या देशांनी पुढे ज्या तपासणीचा आधार घेतला, ती आपल्या मराठवाड्यातल्या शेतमजूर बायकांच्या अंगावर सिद्ध झाली आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने ती तपासणी कुठे होते ते विचारावे.

एंडोमेट्रिओसिसवर मुंबईला परळला संशोधन चालते. गिरणगावातले परळ. तिथे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची जननस्वास्थ्याची संस्था आहे, आणि तिने देशभरातल्या या आजाराच्या बायकांची माहिती व जनुकांचा अभ्यास हाती घेतला आहे. आजवरचे बहुतेक आकडे गोऱ्या बायकांचे आहेत. आपल्या बायकांचे आकडे आपल्याकडेच तयार व्हावेत, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. जिचा हिशेब लिहिला जात नाही, तिच्या वाट्याला औषधही उशिरा येते.

आपण दरेकशाचे लोक काय करू शकतो? आजार सुरू झाल्यापासून नाव कळेपर्यंत जगात सरासरी कित्येक वर्षे जातात, शहरातल्या शिकलेल्या बायकांचीही. ती वर्षे कमी करणे आपल्या हाती आहे. पोरगी पाळीत शाळा बुडवते, उलटी करते, जमिनीवर लोळते, तर ते नखरे नाहीत. आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, आशाताईला सांगा. तिथून सालेकसा, तिथून गोंदियाचे बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय. गाडी आपल्या दारातून जाते. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. पोटाच्या पडद्यावरचे बारीक ठिपके साध्या सोनोग्राफीत दिसतच नाहीत. सी.ए. १२५ नावाची रक्ताची तपासणी करून कोणी "वाढले आहे, कॅन्सर आहे" म्हटले तर थांबा, कारण साध्या एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पाळीतही ते वाढते. उलट बाजूही सांगून ठेवतो. पंचेचाळिशीनंतर पोट सतत फुगलेले, दोन घासांत पोट भरते, लघवीला वारंवार लागते, असे काही आठवडे चालले तर गॅस म्हणून ओवा खात बसू नका. जुनी चॉकलेटी गाठ अचानक वाढू लागली, किंवा पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर रक्त दिसले, तर त्याच आठवड्यात निघा. नागपूरला मेडिकल आहे, तुकडोजी महाराजांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे.

आणि कोणी पिशवी काढा म्हटले, तर नवरे लोकांनो, तुमचे काम सुरू होते. फक्त सही करायची नाही. विचारायचे की आजाराचे नाव काय, ते कागदावर लिहून द्या. अंडाशये ठेवणार की काढणार? गोळ्यांनी पाहिले का? काढलेला भाग तपासायला पाठवणार का, आणि रिपोर्ट आमच्या हाती देणार का? तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवून येतो म्हणायचे. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

शेवटची गोष्ट वहीची. डॉक्टर विचारतात, किती दिवस दुखते, कधीपासून, आणि बाई लाजेने म्हणते, थोडे थोडे. समितीने पन्नास लहान वह्या आणल्या आहेत. तारीख, किती दुखले, कितव्या दिवशी, कोणती गोळी घेतली, कामाचा खाडा पडला का, एवढे लिहायचे. जिला लिहिता येत नाही तिने लेकीला सांगायचे, लेक नसेल तर मुलाला सांगायचे, मुलाने लिहिले तर काही बिघडत नाही. वह्या मागे बोधीवृक्षाजवळच्या टेबलावर महिला मंडळाच्या ताईंकडे आहेत, जेवायला बसण्याआधी घेऊन जाव्यात. कमी पडल्या तर आम्ही आमगावहून आणखी आणून देतो.

नमो बुद्धाय. जय भीम.